काटा हिरव्यात

सबनिसांची गाडी अख्ख्या अंधेरीत सगळ्यात छान चालायची ती त्यांच्या अंगणात. उभ्या उभ्या. फाटकाबाहेर पडली की तिची तब्येत बिघडायची, आणि खापर फुटायचं लवू राऊळच्या डोक्यावर.

लवू मालवणकडचा. आधी परळच्या गिरणीत होता, मग लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या वर्कशॉपात लागला आणि ट्रकांची इंजिनं उघडून उघडून मेकॅनिक झाला. इंग्रजी येत नव्हतं. मराठी एकेक अक्षर लावून वाचायचा. पण बोनेटवर हात ठेवला की आतलं काय दुखतंय ते त्याला कळायचं. सबनिसांच्या बंगलीच्या मागे पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं टांग्याचा घोडा बांधायचे. घोडा मेला, टांगा मोडीत गेला आणि त्या जागेवर लवू आला. अर्ध्या शेडीत गॅरेज, गोणपाटाच्या पडद्याआड संसार: बायको शेवंती, दोन पोरी, एक चूल, तीन देव. भाडं घ्यायचं नाही आणि बदल्यात लवूने सबनिसांची गाडी सांभाळायची, असं तोंडी ठरलेलं. कागद नाही, पत्र नाही. विद्याधर सबनीस एकदा "राहा" म्हणाले म्हणून लवू राहिला. ते "जा" म्हणाले की जायचं. घोड्याचाही करार असाच होता.

या विद्याधर सबनिसांना घरच्यांपासून नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळे अण्णा म्हणत. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ते सुपरिंटेंडंट. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं, आणि चूक सापडली नाही तर कुठून तरी काढायची, एवढंच काम. ते मात्र मन लावून करत. लढाईच्या आधीची एक काळी विलायती गाडी त्यांनी घेतली होती आणि ती फक्त रविवारी बाहेर काढत. पावसाळ्यानंतर लवूने तिचं इंजिन उघडलं, व्हॉल्व घासून बसवले, रिंगा बदलल्या. इंजिन असं गप्प चालायला लागलं की जानकीबाई, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बंद का केलीत?" गाडी चालू होती. लवूला आयुष्यात याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती.

आणि मग ते मीटर आलं.

जानकीबाईंचा भाऊ नंदकुमार जहाजावर होता. दिवाळीला आला तो अमेरिकेहून मेव्हण्यासाठी भेट घेऊन. चहाच्या बशीएवढं गोल मीटर, निकेलची कड, आत शून्यापासून तीसपर्यंत आकडे आणि एक सडपातळ काटा. कडेनं रंगाचे पट्टे: खालच्या आकड्यांना लाल, मधे पिवळा, आणि पंधरापासून बावीसपर्यंत सुंदर हिरवा. त्याची बारीक नळी इंजिनाला जोडायची. इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते काटा दाखवतो. लवूने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मिलिटरीत होतं हे आमच्याकडे. व्हॉल्व नीट बसलेत की नाही ते एका मिनिटात सांगतं."

त्याने मीटर गाडीत स्टिअरिंगसमोरच्या फळीवर बसवलं, नळी जोडली, इंजिन चालू करायचं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, काटा एकोणिसावर गेला आणि तिथं भिंतीत खिळा ठोकावा तसा थांबला. तसूभर हलेना. लवूचं ऊर भरून आलं. काटा थरथरला नाही म्हणजे एकही व्हॉल्व गळत नाही, एकही रिंग सैल नाही. त्याच्या दोन महिन्यांच्या कामाची पावती त्या बशीत लावून ठेवली होती.

"झकास!" अण्णा म्हणाले. "हिरव्यात आहे!"

एवढ्यावर सगळे थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण पुढच्या रविवारी अण्णांनी गाडी फाटकाबाहेर काढली, पायाने पेडल दाबलं, आणि काटा धाडकन खाली आला. अकरा. साकीनाक्याच्या अलीकडच्या चढावर सात. मग चार. लाल पट्ट्यात. अण्णांना घाम फुटला. त्यांनी पाय उचलला. काटा लगेच वर, हिरव्यात. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि गाडी थांबली.

घरी आल्या आल्या त्यांनी लवूला हाक मारली.

"लवू, इंजिनाला काय केलंस तू? चढावर जीव जातोय त्याचा. काटा चारवर!"

"अण्णा, त्याचं उलटं असतं," लवू हसत म्हणाला. "इंजिन काम करायला लागलं की काटा खाली येणारच. रिकामं बसलं की वर."

"उलटं?"

"उलटं."

अण्णांनी त्याला गाडीशी नेलं आणि मीटरवर बोट टेकवलं. "यावर काय लिहिलंय? वाच."

"मला इंग्रजी येत नाही."

"मग?"

या 'मग'वर अण्णांची सगळी नोकरी झाली होती. या एका 'मग'पुढे कचेरीतले बीए झालेले कारकून खाली बघायचे. लवूनेही खाली बघितलं, आणि नंतर स्वतःवरच चिडला. मीटर त्याने बसवलं, इंजिन त्याने उघडलं, मिलिटरीत शंभर काटे त्याने पाहिले, आणि हिरव्या रंगाखाली काय छापलंय ते वाचता येत नाही म्हणून तो खोटा! शिकलेल्या माणसांची ही मोठी सोय असते. खरं काय ते शोधत बसावं लागत नाही, खाली कुणाची सही आहे तेवढं बघितलं की झालं.

त्यानंतर अण्णांनी वही केली. कचेरीतली, पाठकोऱ्या कागदांची, स्वतः शिवलेली. प्रत्येक रविवारी नोंद: "अंगण: १९, उत्तम. नाका: ११, साधारण. चढ: ४, चिंताजनक." डॉक्टरने त्यांना स्वतःच्या हृदयासाठी सांगितलं होतं, चढावर ओझं घेऊ नका. ते त्यांनी गाडीला लावलं. चढ आला की गाडी थांबवून माणसं उतरवायची. उतरायला होतं कोण? जानकीबाई. त्या पदर खोचून चढ चढायच्या आणि अण्णा शेजारून, काट्यावर डोळे लावून, मुंगीच्या चालीने गाडी न्यायचे. तरी काटा पडायचाच.

"लग्नाला चोवीस वर्षं झाली," जानकीबाई एकदा शेवंतीला म्हणाल्या, "माझं ओझं होतं हे यांना या बशीत बघून कळलं."

शेवटी अण्णांनी उपाय काढला. रविवारी सकाळी कोट घालून ते अंगणात गाडीत बसत, इंजिन चालू करत आणि काटा हिरव्यात ठेवून अर्धा तास बसून राहत. शेजारीपाजारी बघायला येत. "बघा, सुईचं टोक हलत नाही," अण्णा सांगत. गाडी कुठंही जात नसे. पेट्रोल मात्र जाई.

इथवरही लवूने हसून घेतलं असतं. पण अण्णांच्या कचेरीत श्यामसुंदर चित्रे म्हणून एक गृहस्थ होते, आणि त्यांच्याकडे मोटारीवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. फुटपाथवर घेतलेलं. पहिली वीस पानं गायब. यंत्र कसं चालतं ते बहुतेक त्या वीस पानांत असावं, कारण बाकीच्या पानांत फक्त बिघाड होते, आणि चित्र्यांना बिघाडच पाठ होते. ते आले, अंगणात काटा पाहिला, फाटकाबाहेर काटा पाहिला, चष्मा पुसला.

"अण्णा, स्पष्ट सांगू? छाती पोखरलीय इंजिनाची. पडलेला काटा म्हणजे आत गळती. ज्याने इंजिन उघडलं त्यानेच वाट लावलीय."

"चित्रेसाहेब," लवू म्हणाला, "गळती असती तर रिकाम्या इंजिनालाही काटा पडला असता. तिथं तर एकोणीस आहे."

"तू पुस्तक वाचलंयस?"

"तुम्ही इंजिन उघडलंय?"

चित्रे अण्णांकडे वळले. "बघितलंत? उलट उत्तरं देतो. गाडीच्या मीटरचंही उलटं आणि याचंही उलटं." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि अण्णा, ही शेड किती मोठी आहे हो? माझा मेव्हणा टायपिंगचा क्लास काढायला जागा शोधतोय. सभ्य मुलं येतील. ग्रीस नाही, ठोकाठोकी नाही."

लवू गोणपाटाच्या पडद्याकडे बघत राहिला. पलीकडे शेवंती पोरींना पेज वाढत होती. दहा टाइपरायटर मावतील, त्याने मनातल्या मनात मोजलं. सहज मावतील.

शनिवारी अण्णांनी निकाल दिला. "उद्या पवईच्या तलावावर जाऊ. चित्रे असतील साक्षीला. चढावर काटा हिरव्यात राहिला तर तू राहा. नाही राहिला, तर आठ दिवसांत शेड मोकळी कर."

"अण्णा, चढावर काटा हिरव्यात राहणारच नाही. कुठल्याच गाडीचा राहत नाही."

"म्हणजे तू कबूल करतोस."

लवू शेडीत आला आणि पान्हा भिंतीवर असा फेकला की पत्रा वाजला.

"काय झाला?" शेवंतीने विचारलं.

"भायर काडतलो म्हणता."

"कित्याक?"

"इंजिन बरा चलता म्हणान!"

शेवंतीने भाकरी उलटली. "मगे तेका सांगूक नाय?"

"सांगलंय गो. माका इंग्लिश येना नाय, म्हणान माझा खरा नाय."

"मगे इंग्लिशीत सांगू नको. तेच्या अंगाक लागात असा सांग." एवढं बोलून तिने भाकरी तव्यावरून काढली. बायकोचं बोलणं लवूच्या डोक्यात राहिलं, पण अंगाला कसं लावायचं ते काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी थंडी होती. अण्णा कोट आणि काळी टोपी घालून स्टिअरिंगच्या चाकाशी, शेजारी चित्रे पुस्तक मांडीवर घेऊन. मागे जानकीबाई पुऱ्यांचा डबा सांभाळत आणि त्यांच्याशेजारी, गाडीच्या दाराला चिकटून, लवू. फाटकाबाहेर पडल्यापासून चित्रे काटा वाचून दाखवत होते. लिलाववाल्यासारखे.

"बारा! दहा! अण्णा, दहा!"

साकीनाका गेला. पुढे पवईकडचा चढ लागला. अण्णांनी पेडल दाबलं.

"सहा! पाच!"

अण्णांनी पाय उचलला.

"एकवीस! छान! अण्णा, असेच ठेवा!"

गाडीचा वेग पोळी लाटणाऱ्या हाताएवढा राहिला. मागून गवताच्या भाऱ्यांची एक बैलगाडी आली, जरा वेळ सोबत चालली आणि पुढे गेली. गाडीवान मान वळवून विचारून गेला, "शेट, दोर बांधू का?" जानकीबाई पदरात तोंड घालून हसल्या. लवूला हसू येत नव्हतं. पायाखालचं इंजिन गुदमरत होतं आणि त्याला ते स्वतःच्या घशात जाणवत होतं.

"दाबा, अण्णा," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरमध्ये घ्या आणि दाबा."

"गप्प बस. हिरव्यात आहे."

काटा हिरव्यात असतानाच इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. काटा शून्यावर. गाडी मागे घरंगळायला लागली. अण्णांनी ब्रेकवर उभं राहून ती थांबवली, लवूने खाली उडी मारून चाकामागे दगड लावला, आणि सगळे उतरले. जानकीबाई सवयीने सगळ्यात आधी.

चित्र्यांनी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं. ते त्यांनी उघडलं आणि मिटलं. "संपलं, अण्णा. इंजिन गेलं."

अण्णा खरोखरच दुःखी झाले होते. ते लवूकडे वळले आणि कारकुनाला नोटीस द्यावी तशा आवाजात म्हणाले, "लवू, पुढच्या रविवारी शेड मोकळी पाहिजे."

लवूने त्यांच्याकडे पाहिलं. शेवंती आठवली. अंगाला लागेल असं सांग. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने अण्णांचं नाक धरलं.

नुसतं शिवला नाही. अंगठा आणि बोट यांच्यात सुपरिंटेंडंटचं नाक पक्कं दाबलं, आणि दुसऱ्या पंजाने तोंड झाकलं.

"अरे! अरे!" चित्रे ओरडले आणि पुस्तक घेऊन दोन पावलं मागे सरले.

"अण्णा, श्वास घ्या," लवू म्हणाला. "ओढा. अजून ओढा. छातीला जोर लागतोय?"

अण्णांचे डोळे मोठे झाले. मान जोरजोरात हलली.

"लागतोय. खूप लागतोय. पण हवा येतेय आत? नाही. हे तुमचं वीस. हा तुमचा हिरवा." त्याने हात काढले. अण्णांनी तोंड उघडून हवा ओढली, आणि आतून रिकाम्या पिंपात पाणी पडावं तसा आवाज झाला. "आता जोर लागतोय? नाही. हवा भसाभस आत. हे तुमचं शून्य. हा तुमचा लाल. पेडल दाबलं की इंजिनाचं नाक उघडतं, पाय उचलला की नाक दाबलं जातं. मीटर नुसतं घुसमट मोजतं, ताकद नाही मोजत! महिनाभर तुम्ही चढावर इंजिनाचं नाक दाबून धरताय आणि विचारताय, का चढत नाही? सांगा, तुम्ही हा चढ कुठल्या नाकाने चढाल? आताच्या, की मघाच्या?"

अण्णांच्या नाकावर दोन्ही बाजूंना ग्रीसचे दोन काळे ठसे उमटले होते.

जानकीबाईंनी पुऱ्यांचा डबा खाली ठेवला. स्वतःचं नाक दाबलं. ओढून पाहिलं. सोडलं. परत दाबलं.

"अहो, बरोबर आहे याचं," त्या म्हणाल्या.

"जानकी, तू मधे पडू नकोस."

"का पडू नको? चढ मी चढतेय चालत. म्हणजे जे काही करत नाही त्याचा काटा हिरव्यात, आणि जे ओढतंय त्याचा लाल. मला नाही हो हे नवीन. नळाला पाणी येतं तेव्हापासून माझा काटा लालमध्ये असतो, पण माझी कुणी वही नाही घातली."

अण्णांनी कोट सारखा केला. मग त्यांना आपला 'मग' आठवला. "मग? चालवून दाखव. लाल काट्यावर चढव ही गाडी वर."

"दाखवतो," लवू म्हणाला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. हँडल त्याने गाडीतून काढून घेतलं होतं. ते मांडीवर आडवं ठेवलं आणि बिडी पेटवली.

"बसलास काय?"

"आधी लिहून द्या."

"काय लिहून?"

"गाडी वर चढली तर शेड माझी. काटा कुठं आहे ते विचारायचं नाही. तुम्ही तोंडी ठेवलंत, तोंडी काढलंत. आता कागदावर ठेवा. मराठीत लिहा, मला वाचता आलं पाहिजे."

"हा दबाव आहे!" चित्रे म्हणाले.

"हो," लवू म्हणाला. "लालमध्ये आहे मी."

अण्णांनी चढाकडे पाहिलं. मागे साकीनाक्याच्या दिशेला पाहिलं. ऊन चढायला लागलं होतं, अंधेरी लांब होती आणि हँडलशिवाय ती गाडी म्हणजे बाकडं होतं. चित्र्यांनी हलकेच सुचवलं, चालत जाऊ. अण्णांनी आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. जानकीबाईंनी गाडीतून वही आणली, काट्याच्या नोंदींनंतरचं कोरं पान काढलं आणि नवऱ्याचं पेन त्याच्याच खिशातून काढून त्याच्या हातात दिलं.

"लिहा. 'लवू राऊळ आणि त्याचं कुटुंब शेडीत राहील...' कुटुंब लिहा, शेवंती सुटायला नको."

अण्णांनी बोनेटवर वही ठेवून लिहिलं. हातात पेन आलं तसा त्यांना जरा धीर आला; अक्षर सुरेख, ओळी सरळ. "'...जोपर्यंत सदर गाडी चढ चढते तोपर्यंत.' हे मी घालणार. अट नाही असा कागद मी आयुष्यात लिहिला नाही."

"घाला," लवू म्हणाला. "माझं काय जातंय? चढवणारा मीच आहे."

साक्षीदार म्हणून चित्र्यांनी सही केली. करताना ते मेव्हण्याचा विचार करत असावेत. सही वाकडी आली. लवूने एकेक अक्षर लावून सगळा कागद वाचला. 'कुटुंब' या शब्दावर जरा जास्त थांबला. मग पान फाडून टोपीत ठेवलं, हँडल मारलं आणि चाकाशी बसला.

"बसा सगळे. वैनी, तुम्हीपण. पुढे बसा."

"मी? चढावर?" जानकीबाईंना खरंच वाटेना. त्या पुढे बसल्या. अण्णा आणि चित्रे मागे गेले.

लवूने दुसरा गिअर टाकला आणि पाय थेट खाली दाबला.

काटा पडला. सहा, चार, दोन. अण्णा मागून पुढे वाकले, अंथरुणाशी बसलेल्या नातेवाइकासारखे. "दोन, लवू! दीड! अरे, एक!" आणि मग त्यांना बघवेना. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि पुढे वाकून मीटरवर ठेवली, मेलेल्या माणसाच्या तोंडावर कपडा ओढावा तशी.

आणि गाडी ओरडत वर निघाली. काय सांगावं! इंजिनाला महिनाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला होता. खडी उडाली, धूळ उडाली, डब्यातल्या पुऱ्या खडखडल्या. गवताची बैलगाडी मागे पडली, आणि लवूने तिच्या शेजारून जाताना उगाचच भोंगा वाजवला. गाडीवानाने दोर हातात घेऊन हवेत हलवला. जानकीबाई हसून हसून लाल झाल्या होत्या.

चढाच्या माथ्यावर लवूने पाय सोडला. समोर तलाव, खाली उतार. त्याने मीटरवरची टोपी उचलली.

"आता बघा, अण्णा. उतार लागला, काम संपलं, पायसुद्धा काढलाय मी. किती?"

"तेवीस," अण्णा पुटपुटले.

"हिरव्यात?"

"हिरव्याच्याही पुढे."

"पेन्शनीत गेलं इंजिन," लवू म्हणाला.

चित्रे तलावाकडे बघत होते. त्यांनी पुस्तक कोटाच्या आत घातलं होतं आणि पुऱ्या खातानाही ते बाहेर काढलं नाही. अण्णांच्या नाकावर ग्रीस आहे हे दिवसभर त्यांना कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी आरशात दिसलं, तेव्हा त्यांनी साबण लावून खूप घासलं. मिलिटरीचं ग्रीस. दोन दिवस राहिलं.

सोमवारी कचेरीत अण्णांनी शोध जाहीर केला. अमेरिकन कंपनीने रंग उलटे लावलेत, आपण ते प्रयोगाने सिद्ध केलं. प्रयोग ते कारकुनांच्या नाकावर करून दाखवायचे, आणि कारकून बिचारे दाबून घ्यायचे. लवूचं नाव त्यात कुठं आलं नाही. येणार नव्हतंच. चित्र्यांच्या मेव्हण्याने क्लास मालाडला काढला.

लवूला नावाचं काही पडलं नव्हतं. शेवंतीने कागद भाताच्या खळीने देवांशेजारी चिकटवला. रोज सकाळी देवाला हळद लावताना एक बोट कागदालाही लागायचं, त्यामुळे 'कुटुंब' पिवळं होत गेलं, पण दिसायचं.

अण्णांनी अट मात्र सोडली नाही. महिन्यातून एकदा तरी ते गाडी पवईला नेत, चढ चढते का बघायला. कागदावर लिहिलेलं तपासणं हा त्यांचा धर्म. गाडी चढायची. जानकीबाई पुढच्या सीटवर बसून चढायच्या.

पुढे एका रविवारी दुपारी अण्णा अंगणात आले. त्या आठवड्यात लवूने खडीवाल्यांच्या दोन ट्रकांची इंजिनं उघडून बसवली होती, आणि आता तो शेडीच्या दारात बाजेवर आडवा पडून घोरत होता.

"लवू! ए लवू! गाडी काढ. झोपलायस काय दिवसाढवळ्या?"

पडदा बाजूला झाला. शेवंती हात पुसत बाहेर आली आणि नवरा व मालक यांच्यामध्ये उभी राहिली.

"अण्णानू, आज आयतवार," ती म्हणाली. "तेंचो काटो हिरव्यात आसा. उद्या येवा."

अण्णा काही तरी बोलणार होते. पण त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला, आणि ते तसेच मागे फिरले.